मूठभर गोळ्या आणि एक कप चहा

पत्र:

ताई, नमस्कार. माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. चौदा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, थायरॉइडची गोळी आहे आणि रोज सकाळी गॅसची गोळी. गेल्या वर्षी धाकटे दीर न्यू जर्सीहून आले ते बाटल्या घेऊनच. एक मल्टिव्हिटॅमिन, एक कॅल्शियम आणि एक 'बी-१००'. सासूबाई या सगळ्या गोळ्या तळहातावर घेतात आणि सकाळच्या चहाबरोबर एकदम गिळतात. तरी पायांच्या मुंग्या वाढतच चालल्यात. चालताना चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही. हिमोग्लोबिन १२.६ आहे, म्हणून 'रक्त चांगलं आहे' असं सगळे म्हणतात. थायरॉइडचा डोस मात्र वर्षात दोनदा वाढवावा लागला. तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या काकूंनी व्हिटॅमिन डीची ६०,०००ची गोळी सुचवली, ती त्या रोज घेतात. हल्ली भूक मेली आहे, पोट साफ होत नाही, सारखी तहान लागते. साखर वाढली असेल म्हणून तपासली, तर ती ठीक आली. माझं स्वतःचं हिमोग्लोबिन ९.४ आहे. लोहाच्या गोळीने मळमळतं म्हणून मी ती सोडून दिली. १९ वर्षांची मुलगी केसांसाठी बायोटिनच्या (ब गटातल्या एका व्हिटॅमिनच्या) गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, खाते आणि तिचा थायरॉइडचा रिपोर्ट काहीतरी विचित्र आलाय. यातलं काय ठेवू, काय फेकू?
— एक सून, कराड

उत्तर:

सूनबाई, डीची रोजची गोळी ताबडतोब बंद करा, हे मी तुम्हाला पत्र हातात पडलं त्याच दिवशी कळवलं होतं. सदर छापून येईस्तोवर थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढलेल्या तेहतीस वर्षांत ही एक चूक मी वारंवार पाहिली. ६०,०००ची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. साधारण आठ आठवडे, आणि मग डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एखादी. माणसं विसरतात म्हणून मी स्ट्रिपवर पेनाने 'रविवार' असं लिहून द्यायची. एक आजोबा दुसऱ्याच दिवशी परत आले आणि म्हणाले, "आता सोमवारची द्या."

हिशोब बघा. आठ आठवड्यांच्या पूर्ण कोर्सचे होतात ४,८०,००० युनिट. सासूबाईंच्या पोटात एकवीस दिवसांत गेले १२,६०,०००. आणि रोजची गरज आहे ६०० युनिटची.

डी नावाला व्हिटॅमिन असलं तरी शरीरात ते हुकूम सोडणाऱ्याचं काम करतं. उन्हात कातडीत तयार होतं किंवा गोळीतून येतं, यकृतात त्याच्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा. मग ते आतड्याला सांगतं, 'अन्नातलं कॅल्शियम आत घे.' हुकूम वाजवीपेक्षा जास्त झाला की आतडं तर जास्त कॅल्शियम घेतंच, शिवाय हाडांतलंही सुटून रक्तात उतरतं. मूत्रपिंडं ते बाहेर काढायच्या खटाटोपात पाणीही फेकतात, म्हणून लघवीला सारखं जावं लागतं आणि तहान लागते. आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून बद्धकोष्ठ. भूक जाते, मळमळतं, माणूस मरगळतो. साखर ठीक असूनही तहान का, हे तुमचं कोडं मला इथेच सुटताना दिसतं. खात्री रक्त तपासूनच होईल. कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारं) आणि डीची पातळी, अशा तीन तपासण्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे गोळी बंद केली तरी ते काही आठवडे अंगात असतंच. तोवर कॅल्शियमची बाटलीही बंद. उलट्या सुरू झाल्या, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा फार झोपाळल्यासारख्या दिसल्या, तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

शेजारच्या काकूंवर रागावू नका. त्यांनी नाव बरोबर सांगितलं, वार सांगायचा राहिला.

आता मुंग्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती निसटणाऱ्या चपलेची. चौदा वर्षांच्या मधुमेहानेही पायांच्या नसा बधिर होतात, आणि तेच कारण असू शकतं. पण त्यावर शिक्का मारण्याआधी बी१२ बघायलाच हवं. कारण सासूबाईंच्या बाबतीत बी१२ची वाट एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी अडली आहे.

बी१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही. ते फक्त जिवाणू बनवतात आणि प्राण्यांच्या अन्नातून ते आपल्यापर्यंत येतं. शाकाहारी घरात त्याचा आधार म्हणजे दूध, दही, ताक. सासूबाईंच्या ताटात ते किती असतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. ही झाली पहिली अडचण. दुसरी पोटात. अन्नाला चिकटलेलं बी१२ सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं आणि गॅसची गोळी नेमकं तेच आम्ल कमी करते. तिसरी अडचण लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. बी१२ तिथेच शोषलं जातं आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ते तिथे कमी शोषलं जातं. मेटफॉर्मिन वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही, ते बंद करू नका. पण चौदा वर्षं ते चालू असताना बी१२ एकदाही तपासलं गेलं नसेल, तर ती चूक सुधारायची वेळ आली आहे.

जठरात तयार होणारं एक प्रथिन बी१२ला हाताला धरून त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नेतं. त्याला समजा एसटीची बस. ही बस छोटी आहे. एका खेपेत जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम बसतात, मागे कितीही गर्दी असली तरी. मग १५०० मायक्रोग्रॅमची गोळी कशाला देतात, असं गिऱ्हाइकं मला विचारायची. उत्तर असं की बसमध्ये जागा न मिळालेल्यांपैकी शेकडा एखादा प्रवासी चालत पोचतो. पंधराशेतले चालत निघालेले पंधरा झाले, आणि दिवसाची गरज सव्वादोनच्या आसपास. म्हणजे बस अर्धवट बंद असली तरी मोठ्या गोळीने काम भागू शकतं. नसांना त्रास सुरू झालेला असेल तर मात्र डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतात. तो निर्णय त्यांचा. तुम्ही फक्त एवढं बघा की रक्त आधी काढलं जाईल आणि इंजेक्शन नंतर टोचलं जाईल. उलटं झालं की रिपोर्ट फुगलेला येतो आणि मूळ पातळी काय होती ते कायमचं गुलदस्त्यात राहतं. बी१२चा आकडा (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) २००च्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे होमोसिस्टीनची, म्हणजे बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याची, तपासणी उपयोगी पडते. त्या वर्षभर मल्टिव्हिटॅमिन घेत आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यामुळेही आकडा बरा दिसू शकतो.

'पण हिमोग्लोबिन तर १२.६ आहे!' या एका आकड्याने फसलेली घरं मी पाहिली आहेत. याची गोष्ट आपल्या परळची आहे, म्हणून जरा थांबून सांगते. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८मध्ये मुंबईला आल्या. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना एक वेगळाच पांडुरोग, म्हणजे रक्तक्षय, होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मात्र अवाढव्य. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना दिसलं की मार्माइट, म्हणजे यीस्टचा तो काळा खारट अर्क, दिला की या बायका बऱ्या होतात. १९३१मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात असलेलं, तोवर नाव नसलेलं द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आज दिवस राहण्याआधीपासून जी फॉलिकची गोळी देतात, तिचं मूळ इतकं जवळ आहे.

आता सासूबाईंशी त्याचा संबंध. फॉलिक आणि बी१२ हे रक्त बनवण्याच्या कामात जोडीदार आहेत. बी१२ कमी पडलं तरी भरपूर फॉलिक मिळालं तर रक्ताचं काम बऱ्यापैकी निभावून जातं. नसांचं नाही. नसांचं आवरण शाबूत ठेवायला बी१२च लागतं, तिथे फॉलिकची बदली चालत नाही. म्हणजे गोळ्यांतल्या फॉलिकमुळे हिमोग्लोबिन छान दिसतं, घरचे निर्धास्त होतात आणि पाय मात्र बधिर होत राहतात. तुमच्या 'बी-१००'च्या लेबलवर फॉलिक ॲसिड किती आहे ते वाचा.

वाचायला घेतलंच आहे तर त्याच लेबलवर बी६ही बघा. 'बी-१००' या प्रकारच्या गोळ्यांत बहुधा बी६ १०० मिलिग्रॅम असतं. रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास. 'ब गटाचं जास्त झालं तर लघवीतून निघून जातं' हे वाक्य मीसुद्धा पूर्वी लोकांना ऐकवायची. बी२च्या बाबतीत ते खरंच आहे. लघवी पिवळीजर्द होते, न्यू जर्सीची गोळी कराडच्या संडासात जाताना डोळ्यांनी दिसते. पण बी६चं तसं नाही. ते महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत घेतलं तर स्वतःच नसा बिघडवतं आणि त्याचं लक्षण काय, तर हातापायांना मुंग्या! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली, ती याच कारणाने. मुंग्यांसाठी घेतलेली गोळी मुंग्या वाढवत असेल, असं कोणाच्या मनातही येत नाही. ही बाटली आजच बंद करा. ती सोडल्याने सासूबाईंचं काहीही अडणार नाही.

आता तो चहा. सकाळी सगळ्या गोळ्या एकदम घेणं सोयीचं, पण थायरॉइडच्या गोळीच्या दृष्टीने हे म्हणजे आदळआपट. कॅल्शियम तिला आतड्यातच चिकटून बसतं, लोहही तसंच करतं, आणि ती रक्तात पोचायच्या आत वाया जाते. मग टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढतो, डॉक्टर डोस वाढवतात, पुन्हा तेच. तुमच्या घरी डोस दोनदा वाढला तो बाटल्या आल्यानंतरच, हे मी तुमच्याच पत्रातून जुळवलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. पुढे कधी कॅल्शियम किंवा लोह चालू झालंच तर त्यात चार तासांचं अंतर. पण इथे एक सावधगिरी हवी. वेळा सुधारल्या की वाढवलेला डोस एकाएकी पूर्ण अंगात जायला लागेल आणि धडधड, घाम, झोप न लागणं सुरू होऊ शकेल. म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगूनच करा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून घ्या.

गॅसची गोळी कधी आणि कशासाठी सुरू झाली होती, हेही त्याच भेटीत विचारा. ती बरेचदा कोणत्या तरी जुन्या आजारपणात चिकटते आणि मग निघायचं नाव घेत नाही. मात्र आपल्या मनाने एकदम तोडू नका, आम्ल दुप्पट उसळतं. ती चालू ठेवावी लागली आणि कॅल्शियम खरंच हवं असं ठरलं, तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट चालेल का ते विचारा. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, सायट्रेटला लागत नाही. नाहीतर नाचणी आहेच, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. सासूबाईंना भाकरी जमत नसेल तर आंबील करा, पण ती कॅल्शियमचा रिपोर्ट नीट आल्यावर.

तुमच्याबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात आणि त्याही सगळ्यांच्या नंतर. ९.४ हा काही किरकोळ आकडा नाही, सूनबाई. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये ५७ जणी पांडुरोगी निघाल्या, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवलंय. म्हणून की काय, बायकांना थकवा म्हणजे स्वभावच वाटायला लागतो.

लोहाची गोळी तुम्ही सोडलीत, कारण मळमळ. ती तुम्ही घेत होतात कशी? माझा अंदाज, तुम्हीही चहाबरोबरच. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, निम्म्याहून जास्त लोह शोषलं जात नाही आणि ते आतड्यात टोचत राहतं. लोहासाठी आतड्याच्या सुरुवातीला एक दरवाजा असतो आणि त्याची किल्ली यकृताकडे. आज मोठी गोळी आत आली की यकृत हेप्सिडिन नावाचा निरोप पाठवतं, 'पुरे, दार लाव.' ते दार दिवसभर तरी किलकिलंच राहतं. म्हणून रोज दोन गोळ्या कोंबण्यापेक्षा एक दिवसाआड एकच गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह आत जातं आणि पोटही कमी बिघडतं. डॉक्टरांना 'एक दिवसाआड चालेल का?' असं विचारून घ्या. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. रिकाम्या पोटी फारच मळमळलं तर थोडं खाऊन घ्या. शोषण कमी होईल, पण सोडून दिलेल्या गोळीचं शोषण शून्य असतं. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं की बायका गोळ्या बंद करतात. तेव्हा तर खरं काम उरलेलं असतं, कारण कोठार अजून रिकामंच असतं. आणखी तीन महिने घ्यावी लागते. फेरिटिनची तपासणी केली तर कोठारात किती माल आहे ते कळतं. गूळ-शेंगदाणे आणि खजूर जरूर खा, पण त्यांच्या जिवावर ९.४चे १२ होणार नाहीत. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, ते जास्त कामाचं. आणि लोह जातंय कुठे, हे शोधायला हवं. पाळी जास्त जात असेल तर लाजू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बादलीला भोक असताना नळाला दोष देऊन काय होणार? लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती पडणार नाहीत अशा ठेवा. त्या गोड आवरणाच्या लाल गोळ्या मुलांना चॉकलेट वाटतात आणि लहान मुलाच्या जिवावर बेतायला थोड्या पुरतात.

मुलीचं प्रकरण त्या मानाने सोपं आहे, आणि थोडं गमतीचं. बायोटिनची रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम. केसांच्या गमीत बहुधा काही हजार असतं. प्रयोगशाळेतली काही यंत्रं रक्तातली संप्रेरकं मोजायला बायोटिनचाच गोंदासारखा वापर करतात. रक्तात आधीच बायोटिनचा पूर आला असेल तर तो गोंद भलतीकडे चिकटतो. टीएसएच खोटा कमी येतो, टी३-टी४ खोटे जास्त, आणि धडधाकट मुलगी कागदावर थायरॉइड वाढलेली रुग्ण होते. गमी बंद करा, डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवसांनी, मात्रा फार मोठी असेल तर आणखी थांबून, तपासणी परत करा. त्याआधी कोणतंही औषध सुरू होऊ देऊ नका. केस गळण्याबद्दल तिला हे विचारा: दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड असं काही झालं होतं का? एकाएकी डाएट केलं होतं का? दोन्हींनंतर केस असे गळतात आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतात. तिचंही हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघून घ्या, आईची मुलगी आहे.

राहिलं मल्टिव्हिटॅमिन. फायदा होईल असं मला वाटत नाही, नुकसानही बहुधा नाही, पण लेबलवर डी किंवा कॅल्शियम असेल तर रिपोर्ट येईस्तोवर तेही बंद. सासरे बिडी-सिगारेट ओढत असतील तर मात्र ती बाटली त्यांना देऊ नका. फिनलंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बीटा कॅरोटिन (शरीरात व्हिटॅमिन ए बनणारं द्रव्य, बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं) घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांना फुप्फुसाचा कर्करोग कमी नाही, जास्त झाला. तेव्हापासून 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' असं कोणी म्हटलं की मी काउंटरवर टेकून त्यांना ही गोष्ट सांगायची.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या बाटल्या, स्ट्रिपा आणि उरलेल्या डीच्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा, यादी करत बसू नका. सासूबाईंच्या पायाला ते ट्यूनिंग फोर्क लावून बघतील, घोट्यावर त्याची थरथर जाणवते का ते त्यांना सांगायचं असतं. त्या दिवशी त्यांना मागे पट्टा असलेली चप्पल घाला, पायातून निसटणारी नको. आणि रोज रात्री झोपताना त्यांचे तळवे उजेडात बघत जा, दुखत नाही म्हणून जखम नाही असं आता धरून चालता येणार नाही. कॅल्शियमचा रिपोर्ट आला की मला आकडा कळवा.